बाबांच्या जीपवरची खूण

रॉकेल आणि भाताचा कोंडा... हे दोन वास एकत्र आले की माझ्यापुढे बाबांचे हात उभे राहतात. ग्रीसने काळे झालेले तळवे ते रॉकेलमध्ये भिजवलेल्या कोंड्याने चोळत. मग साबण लागे, पण मूळ वास जात नसे. शाळेत माझ्या वह्यांनाही तो येई.

आधीच सांगते, मी मराठी शिकवते. कवितेच्या सहवासात वाढले आहे. धूसर गोष्टी मला ओळींमध्ये आवडतात, व्यवहारात नाही. कोणी अतर्क्य अनुभव सांगू लागले की आजवर मी नम्रपणे विषय बदलत आले. म्हणून पुढचे सारे जसे घडले तसेच लिहिते आहे.

बाबा खाडीकाठच्या जूचंद्र गावचे. भातशेती सोडून सैन्यात गेले आणि लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक झाले. निवृत्तीनंतर एका लिलावात त्यांना एक जुनी जीप दिसली. वाकून तिच्या पोटाखाली पाहिले आणि तिथेच ठरवले — हीच. नोकरीत त्यांनी स्वतः दुरुस्त केलेली गाडी होती ती. दर प्रजासत्ताक दिनाला गावातल्या शाळेची मुले तिच्यात बसवून ते झेंडावंदनाला नेत. त्या दिवशी गणवेश अंगावर नसला तरी तो दिसे.

कॉलेजात मला कवितेचे बक्षीस मिळाले, तेव्हा ते समारंभाला आले होते. आमच्या प्राध्यापकांना कौतुकाने म्हणाले, “सर, ही पोर कविता करते. मी गाड्या करायचो. परत्येक गाडीवर माजी येक खून हाय.”

सर दचकून त्यांच्याकडे पाहू लागले. मी घाईने म्हणाले, “खूण, बाबा. खूण.”

सगळे हसले. बाबाही हसले. “तुजी ती पुस्तकातली,” ते म्हणाले, “माजी ही.”

त्यानंतर तो शब्द त्यांनी माझ्यासमोर कधीच उच्चारला नाही. ती खूण गाडीवर नेमकी कुठे असते, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.

बाबा गेले. जूचंद्रच्या घराच्या जागी इमारत उभी राहू लागली, म्हणून जीप मी बोळिंजला, आमच्या सोसायटीत आणली. आठवड्याभरात सेक्रेटरींची नोटीस आली — विमा नसलेले वाहन आवारात ठेवता येणार नाही. महिनाअखेर पॉलिसी दाखवावी, अन्यथा गाडी उचलावी लागेल. उचलून कुठे नेणार, हे लिहिलेले नव्हते. भंगारवाला मात्र दोनदा येऊन तिच्या बॉनेटवर टकटक करून गेला होता.

मग फोन सुरू झाले. एका कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत हे मॉडेलच नव्हते. दुसरीकडे मला तीन वेळा विचारण्यात आले की गाडी ‘मिलिटरी कलर’ची आहे की खरोखर मिलिटरीची. एक एजंट म्हणाला, युद्धात झालेले नुकसान पॉलिसीत बसत नाही मॅडम, आणि तुमची गाडी तर तिथूनच आलेली दिसते. मलाही हसू आले. फोन ठेवल्यावर मात्र कितीतरी वेळ मी तिच्या तापलेल्या कॅनव्हासवर हात ठेवून उभी होते.

शेवटी जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या एका कंपनीने सर्व्हेअर पाठवायचे कबूल केले. तोवर महिना संपायला दोन दिवस उरले होते.

कुलकर्णी नावाचे गृहस्थ भर दुपारी आले. नुकतीच त्यांची पुण्याहून इकडे बदली झाली होती. चेसिस नंबरवर कागद धरायचा, त्यावर पेन्सिल घासायची आणि उठलेला छाप अर्जाला जोडायचा, ही त्यांची रीत. पण खाऱ्या वाऱ्याने नंबर खाऊन टाकला होता. कागदावर नुसता गंजाचा करडा खडबडीतपणा उमटला.

“छाप नाही तर पॉलिसी नाही, मॅडम,” ते दिलगिरीने म्हणाले.

आमच्या मेकॅनिकनेही आधी दोन दिवस गाडीवर नंबर शोधून हात टेकले होते. निदान लिलावाचे कागद दाखवावेत, म्हणून मी वर घरी गेले.

दहा मिनिटांनी खाली आले आणि लिफ्टच्या दारातच थबकले. वास... रॉकेल आणि कोंडा. बोळिंजच्या सात मजली इमारतीत भाताचा कोंडा कोण आणणार?

कुलकर्णी मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. संपूर्ण नंबर — अंक न् अंक स्वच्छ, माझ्या हातातल्या कागदाशी जुळणारा. आणि शेवटी तीन ठिपके, भाताच्या लोंबीसारखे तिरपे झुकलेले. चाकाच्या आतल्या बाजूला, चेसिसच्या पट्टीवर, हिरव्या रंगाच्या जाड थराखाली, वर्कशॉपात तो नंबर पुन्हा ठोकलेला होता. कुलकर्णींनी किल्लीने रंग खरवडून काढला होता.

पॉलिसी झाली. या प्रजासत्ताक दिनी सोसायटीच्या झेंडावंदनाला जीप सगळ्यांत पुढे उभी होती, आणि सेक्रेटरींनी तिच्याशेजारी फोटो काढून घेतला. मुलांना खाली वाकायला लावून मी ते तीन ठिपके दाखवले. सांगताना माझा आवाज थेट बाबांसारखा चढला होता.

खुलासा मात्र आजही माझ्यापाशी नाही. वॉचमनने कोणाला आत सोडलेले नाही. जीपचा तो कोपरा कॅमेऱ्यात येत नाही. माझ्यापाशी आहे ते फक्त त्या दुपारचे बोलणे.

“पण तुम्हाला तिथेच शोधायचे कसे सुचले?” मी विचारले होते.

कुलकर्णी घुटमळले. “मॅडम, रागावू नका... या गाडीवर काही पोलीस केस वगैरे नाही ना?”

“पोलीस केस?”

“तुम्ही वर गेलात ना, तेव्हा एक आजोबा हात पुसत पुसत आले. त्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, रंग खरवड, आत माजी...”

“माजी काय?”

त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला.

“खून.”