माय आली नाही तो मंगळवार

माझ्या अंगात मातामाय यायची. आता येत नाही. एवढं सरळ लिहायला मला बरेच दिवस लागले, कारण आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात ही गोष्ट उघड बोलायची नव्हती, विहिरीवर कुजबुजायची होती. थोरली पोटात असताना माय पहिल्यांदा आली. मातामायच्या ठाण्यासमोर, म्हणजे गावदेवीच्या ओट्यापुढे, बायका गाणी म्हणत होत्या आणि मी कधी घुमायला लागले, माझं मला कळलं नाही. तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी ठाण्याजवळच्या लिंबाखाली पाट मांडला जायचा. मी आंघोळ करून उपाशीपोटी त्यावर बसायची, ठाण्याची पूजा करणारे नानाभाऊ डफ वाजवायचे आणि माय यायची. त्या वेळेत मी काय बोलले, कोणाच्या डोक्यावर हात ठेवला, हे मला नंतर दुसऱ्यांकडूनच समजायचं. लोक लांबून यायचे. कोणाची गाय हरवलेली, कोणाचं लेकरू रात्रभर रडणारं, कोणाच्या घरात नुसती भांडणं. बरं वाटून जाणारेही पुष्कळ होते. त्यात मायचं किती आणि नशिबाचं किती, हे मी कधी मोजलं नाही आणि आजही मोजत नाही.

मागच्या हिवाळ्यात धान घरात आलं, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं, आणि माय यायची थांबली. डफ वाजला, गाणी झाली, मी डोळे मिटून बसून राहिले. काहीच नाही. पाटाखालचा खडा टोचत होता तेवढा कळत होता. पहिल्या मंगळवारी वाटलं, उपासात काही चुकलं असेल. मग मी लसूण सोडला, चप्पल सोडली, घरात अंडं आणलं म्हणून नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. तो बिचारा जेवता जेवता म्हणाला, "अवं, सरकारी माणसालेही रिटायर करते सरकार. मायनं तुले केलं असंन." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वरण मागायचंसुद्धा टाळलं. पण बोलणं मनात रुतून बसलं. खरी भीती मला मायच्या रागाची नव्हती. लग्नघरी पहिलं कुंकू मला लावायचे, म्हाताऱ्या बायका मला वाकून नमस्कार करायच्या. ते गेलं तर मी कोण? धान रोवणाऱ्या ओळीतली एक बाई, बस. 

दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारी नानाभाऊंनी डफ बाजूला ठेवून कानाशी तोंड आणलं. "थोडी घुमल्यावानी हाल ना बाई. लोकं दुरून आले आहेत. त्यायले काय समजते?" मला इतका संताप आला की मी पाटावरून उठूनच जाणार होते. उठले मात्र नाही. डोळे घट्ट मिटले, मान खाली घातली आणि मनातल्या मनात मायला विनवत राहिले. समोर कोण येतं, कोण पायावर डोकं ठेवून जातं, ते पाहायचीसुद्धा मला लाज वाटत होती.

त्याच काळात जंगलाकडच्या एका गावाहून एक बाई आपल्या पोरीला घेऊन यायची. माय शेवटची आली त्या दिवशी तिला माझ्या तोंडून सांगितलं गेलं होतं म्हणे, पाच मंगळवार ये, लेकराला आराम पडेल. बाई बिचारी एकही मंगळवार चुकली नाही. पाचव्या मंगळवारी हवेत चांगलाच गारठा होता. गाणी चालू होती, मी डोळे मिटून बसले होते आणि माझ्या पावलावर एक हात पडला. लहानसा, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखा तापलेला. मी दचकून डोळे उघडले.

इतकी वर्षं मी त्या पाटावर बसले, पण समोर आलेल्या माणसाचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आठ-नऊ वर्षांची पोर. डोळे पिवळे झालेले, बोटं सुजलेली, पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. तिला बसवत नव्हतं म्हणून आईने चटईवर निजवली होती.  माय आली असती तर मी कुठल्या कुठे असते आणि ही पोर मला दिसलीच नसती.

मी पोरीच्या आईला म्हटलं, "हिला आत्ता दवाखान्यात ने."

"अजून मायनं सांगितलं नाई," ती म्हणाली. "पाच मंगळवार सांगतले होते मायनं. आज पाचवा आहे. माय येऊ द्या, मंग जाऊ."

"माय आली नाई बाई. येणार नाई आता."

डफ थांबला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. आई हात जोडून तशीच बसून राहिली. तिला माझं ऐकायचं नव्हतं, मायचं ऐकायचं होतं. त्या वेळी मला वाटलं, सोडावेत केस, फिरवावी मान, आणि द्यावा मायच्या आवाजात हुकूम. तिने लगेच ऐकलं असतं. लेकराच्या जिवासाठी एवढं खोटं बोललं तर काय बिघडलं? मी तोंडही उघडलं.  पण मायच्या ठाण्यासमोर मायचीच नक्कल करणं माझ्याच्याने होईना. मला रडू यायला लागलं. मी मनात म्हटलं, माय, मला काही जमत नाही आता, तूच पाहा.

ठाण्याच्या ओट्यावर एक अनोळखी बाई बसली होती. ती मायसाठी आलेली नव्हती. तिचा भाऊ पिकअप घेऊन तिला न्यायला येणार होता, म्हणून सावलीला टेकून मुरमुरे खात होती. तिने मुरमुरे पदरात बांधले, उठली आणि गर्दीतून वाट काढत पुढे आली. "काऊन गा एवढे लोकं बसून राह्यले?" ती मोठ्याने म्हणाली. "माय येवो का नको येवो. पोट्टी तं आली आहे ना समोर!" आणि कोणाला काही विचारायच्या आत तिने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. पोर कळवळली. "उगी माय, उगी," म्हणत ती रस्त्याकडे चालायलाही लागली. लेकरू निघाल्यावर आई कशी बसून राहील? ती मागे धावली. मी पाटावरून उठले आणि तिच्या मागे गेले. मागून नानाभाऊ हाका मारत होते. मी वळून पाहिलं नाही.

पिकअप तोवर रस्त्यावर येऊन उभीच होती, तिच्यातूनच आम्ही पोंभुर्ण्याला दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि दवाखान्याच्या गाडीने तडक चंद्रपूरला पाठवलं. तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. अंगात रक्त फार कमी उरलं होतं. त्या संध्याकाळीच रक्त लावलं. डॉक्टर आईला रागावले नाहीत, फक्त म्हणाले, आज आणली ते फार बरं झालं. एवढं ऐकलं आणि आई माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. ती पिकअपवाली बाई पोंभुर्ण्यालाच मागे राहिली होती. माझ्या अंगावर आपली शाल टाकून "थंडी आहे, राहू द्या" म्हणाली आणि भावाबरोबर निघून गेली. नाव विचारायचं राहून गेलं. ती कोण होती, त्याच दिवशी त्याच ओट्यावर का बसली होती, यावर मी वाद घालत नाही. शाल मी धुऊन ठेवली आहे.

पुढच्या मंगळवारी नानाभाऊंनी पाट मांडला. मी ठाण्यासमोर डोकं टेकवलं आणि बायकांमध्ये जाऊन बसले. "कोप होईन बाई," नानाभाऊ म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. म्हैस आटली तरी कोप, नवऱ्याला खोकला झाला तरी कोप. विहिरीवर बायका मला पाहून गप्प व्हायच्या, ते तर फार जिव्हारी लागायचं. पण त्या मंगळवारी किती वर्षांनी मी मायची गाणी पुरी ऐकली! एरवी दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यालाच माझं भान हरपायचं. किती गोड गाणी, आणि मला त्यांचा शेवटच माहीत नव्हता. मी बायकांच्या आवाजात आवाज मिसळला आणि रडत रडत गायले. मला वाटायचं, पाट सोडला की माय सुटली. तसं काही झालं नाही. तिने बसवलं तेव्हा मी तिला विचारलं नव्हतं, मग उठवलं तेव्हा तरी का हट्ट करावा? संपलेली गोष्ट धरून ठेवण्यात मी सगळी भक्ती खर्च करत होते.

पोरीला दर महिन्याला तपासणीला न्यावं लागतं. आजार जन्माचा आहे, पण गोळ्यांनी ती सावरली. मध्यंतरी तिच्या आईचा फोन आला. "बाई, दवाखान्याची तारीख मंगळवारची आली. तिकडं जाऊ का मायकडं येऊ?" मी म्हटलं, तिकडेच जा, मीही येते. चंद्रपूरच्या दवाखान्यात आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. पोर माझ्या मांडीला रेलून चिंचेची गोळी चोखत होती आणि शाळेतल्या कोणा मैत्रिणीच्या चुगल्या सांगत होती. आईने सवयीने पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढे धरला. मी तो परत तिच्या पिशवीत ठेवला. "घरी फोड अन् हिले खाऊ घाल," म्हटलं.

तेवढ्यात आतून पोरीच्या नावाचा पुकारा झाला. ती बाकावरून घसरली आणि आईची वाट न पाहता दाराकडे धावत सुटली, आपल्या पायांनी, चप्पल फटफट वाजवत. "अवं, हळू! पडशीन ना!" आई ओरडली. मी बाकावर बसल्या बसल्या हात जोडले.