राबाच्या वरच्या अंगाला

जमिनीतला धातू शोधायचं यंत्र माझ्याकडे आहे हे कळल्यापासून किकवीत माझी इज्जत वाढली की गेली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा धंदा पाइपलाइनचा. शेतातून पुरलेले लोखंडी पाइप, मातीखाली गडप झालेलं व्हॉल्व्हचं झाकण, असलं काही हुडकायला अर्धं रान खणण्यापेक्षा बरं म्हणून ते घेतलं. पण लोकांच्या डोक्यात एकच, गुप्तधन. टपरीवर चहाला गेलो की कुणीतरी विचारणारच, "काय शेठ, हंडा घावला का?" आधी मी हसायचो. नंतर नंतर "घावला, पण तुज्या चुलीखाली हाय, कधी येऊ खणायला?" असं म्हणून मोकळा व्हायला लागलो.

यंत्र तसं साधं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. चकती धातूवरून गेली की आवाज येतो. फक्त माती गरीब पाहिजे, आणि आमच्या डोंगराची माती गरीब नाही. तांबडी माती, मुरूम, काळा दगड, सगळ्यांतच लोखंड बारीक भिनलेलं. यंत्राला बिचाऱ्याला वाटतं, इथं सगळा धातूच आहे. म्हणून आधी एका जागी चकती खालीवर करत राहायची आणि त्याला तिथल्या मातीची सवय लावायची. ही नुसती माती आहे, हिच्यावर ओरडू नकोस. सवय झाली की ते गप्प होतं. चार पावलांवर माती बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सारोळ्याला नीरेच्या काठी गाळाच्या जमिनीत ते शहाण्यासारखं चालतं, पण तिथंही एकदा एका जागेवर एकदम पिसाळलं. खणून पाहिलं तर पाइप नाही, पत्रा नाही. मालक म्हणाला, इथं पूर्वी वीटभट्टी होती. भाजलेल्या मातीतलं लोखंड यंत्राला जास्तच टोचतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आईने त्या यंत्राला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिच्या लेखी ती पैसे घालवायची एक नवी तऱ्हा होती. मार्गशीर्षात एका सकाळी मी ते पुसत बसलो होतो, तर ती समोर येऊन बसली.

"ह्येला चांदी घावती का रं?"

"घावते की. का गं?"

"पासलीचं वरचं रान भावजींनी इकलं. सोमवारी पोकलेन येनार हाय, सपाट करायला." थोडा वेळ ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तितं ती हाय."

ती म्हणजे आधीची. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. रांगायला लागली आणि तापात गेली. एवढ्या लहान मुलांना आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि तिकडे बायका जात नसत. वडील आणि धाकटे काका तिला घेऊन रानात गेले. आई उंबऱ्याच्या आत राहिली. पुढे तिचं नाव घरात कुणी घेतलं नाही. मलाही ते माहीत नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर 'आधीची' म्हणत. लहानपणी मला वाटायचं, आधीची म्हणजे एखादी म्हैस असणार. खरं कळलं तेव्हा मला स्वतःचीच शरम वाटली.

"जागा मला ठाव न्हाई," आई सांगत होती. "तुज्या वडलांनी येकदाच सांगितलं, राबाच्या वरच्या अंगाला पुरली म्हनून. पायात वाळे व्हते तिच्या. माज्या आईनं बारशाला केल्याले. म्याच घट्ट बसवून दिले, निगू नयेत म्हनून. येवढं तरी संगं गेलं पोरीच्या, ह्याच्यावर म्या दिवस काढले. तिच्यावरनं पोकलेन जाऊ द्यायचा न्हाई मला. आपल्या खाचरात आनायची हाय तिला."

पासलीला आमच्या वाट्याचं खालचं भातखाचर अजून आम्ही राखून आहोत. वरची वरकस, डोंगरउताराची हलकी जमीन काकांची. त्यांची मुलं पुण्यात, रान पडीक, गिऱ्हाईक आलं आणि त्यांनी विकली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वडील तर कधीच गेले होते. जागा माहीत असलेला माणूस म्हणजे काकाच उरले होते.

शनिवारी टेम्पोत यंत्र टाकलं आणि आईला घेऊन पासलीला गेलो. काका ओट्यावर बसले होते. मी कशाला आलो ते सांगितलं, तसे ते आईकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, लई वरसं झाली. तितंच कुठंतरी." हात डोंगराकडे केला. त्या हाताच्या दिशेला सगळंच रान येत होतं. ते उठले नाहीत. मला राग आला, पण त्यांच्याच ओट्यावर उभं राहून काय बोलणार?

वर गुडघाभर गवत. पूर्वीचे बांध ढासळलेले, शेत कुठं संपतं आणि उतार कुठं सुरू होतो ते कळेना. आईने एकेक ओळखीची खूण शोधली आणि एकेक हरवली. राब कुठला हेही तिला सांगता येईना. राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. पावसाआधी तिच्यावर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या पसरून जाळायचं, मग तिथं बी फेकायचं. आई म्हणाली, "राबाच्या कडंला ऐनाचं झाड व्हतं." ऐनाचा बुंधासुद्धा उरला नव्हता.

मी गवत झोडपून वाट केली आणि यंत्राला सांगितलं, लोखंड सोड, चांदी तेवढी दाखव. तशी सोय असते त्यात. पण त्या मातीत त्याने माझं काही ऐकलं नाही. दगडावर ओरडायचं, मुरमावर ओरडायचं, ढेकळावर कुरकुरायचं. आवाज कमी करावा तर ते खोलवरचं ऐकणार नाही, वाढवावा तर कान फाटतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगण खरोखरच वाकडं होतं. दुपार झाली. आई बांधावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येक आवाजाला ती अर्धी उठायची आणि मी मान हलवली की खाली बसायची. मला ते बघवेना. शेवटी मी तिच्यावरच खेकसलो, "सारखी उठू नगंस गं!"

तेवढ्यात यंत्र बोंबललं. आधीसारखं मधूनमधून नाही, सलग. एक पाऊल मागे आलो तर निवळलं. पुढे गेलो, पुन्हा तेच. कडेने चालत गेलो तर ती हद्द सरळ रेषेत होती. दगडांची असती तर एवढी सरळ नसती. सारोळ्याची वीटभट्टी एकदम डोक्यात आली.

"आई, हितं कधी काय जाळलं व्हतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून उठली आणि गवतातून जवळजवळ पळतच आली. "राब! आरं, दर साली जाळायचो की! तुज्या आजापासनं!"

पिढ्यान्‌पिढ्या जाळून भाजलेली माती होती ती. वरचं सगळं पुसलं गेलं होतं, पण जाळ मातीत राहिला होता. जे यंत्र सकाळपासून माझा छळ करत होतं, त्याच्याच आरड्याओरड्यावरून मी राबाचे चारही कोपरे काढले आणि दगड ठेवले. आई एका दगडावर उभी राहून म्हणाली, "म्हंजे ऐन हितं. म्हंजे वरचं अंग ह्ये." मलाही बरं वाटलं. एवढा वेळ मी यंत्राला घातलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

राबाच्या वरच्या अंगाला जागा अशी किती असणार? मी तिथल्या मातीची यंत्राला नव्याने सवय लावली आणि टीचभरही न सोडता फिरलो. चांदीचा आवाज उंच, स्वच्छ येतो, तो मी ओळखतो. तो कुठेच आला नाही. उभा फिरलो, आडवा फिरलो. आईने विचारायचं बंद केलं.

उन्हं कलली तेव्हा काका आले. हातात पाण्याचा तांब्या. राबाचे चार दगड बघून ते जागीच थांबले. तांब्या आईजवळ ठेवला आणि मला खुणेने बाजूला बोलावलं.

"चांदी हुडकू नगंस," ते म्हणाले. "चांदी न्हाई तितं."

मला कळेना.

"तुज्या बापानं वाळे काडून घेतले. खड्ड्याच्या काठाव. तवा लई वाईट दिवस व्हते, बाळा. पोरीच्या पायात चांदी हाय हे ठाव असल्यालं कुनी रातीचं येऊन उकरलं असतं मंजी? कोल्ह्यापासनं वाचवायची का मानसापासनं? घट्ट बसलं व्हतं, निगना. मग कंबरंचा विळा मोडला आन्‌ त्येचं पातं ठिवलं तिच्या उशाला. लोखंड असलं मंजी कुनी जवळ येत न्हाई म्हनून."

"आणि वाळे?"

काका माझ्या पायांकडे बघत होते. "तू झालास तवा भोरच्या सोनाराकडं नेऊन उजळले, घुंगरं बदलली. नवं केलं म्हनून सांगितलं वहिनीला. तुज्या पायात घातले त्या दिशी तुजा बाप सांजच्यापतूर गोठ्यातनं भाईर आला न्हाई."

ते वाळे माझ्या पायात होते. नंतर माझ्या मुलाच्या, मग मुलीच्या. आत्ता या घटकेला ते किकवीला आईच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणून आपण लोकांना हसतो. मला तिथं उभं राहवेना.

मी यंत्राला सांगितलेलं मोडलं. आता लोखंडच हवं होतं, आणि लोखंड तर सगळीकडेच. पुन्हा चकती खालीवर केली, पुन्हा सवय लावली, अगदी हळू, कासराभर जागेपुरती. काका दोन पावलं चालून एका जागी थांबले. "असंल तर हितं." तिथं एक जाड, तुटका, घसा बसल्यासारखा आवाज आला. फिरून आलो, तिथंच आला. मघाशी याच जागेवरून मी दोनदा गेलो असेन. तेव्हा मीच यंत्राला तो आवाज सोडून द्यायला सांगितलं होतं.

आईला कुणी सांगायचं? काकांनी मान खाली घातली. मीच सांगितलं. गवतात तिच्यासमोर बसून, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे पोर अनवानीच गेली."

मी तिच्याजवळ सरकलो.

"मला सांगायचं व्हतं त्यांनी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "माजी पोर व्हती ती! येवढी वरसं म्या काय धरून बसले?" जो माणूस उत्तर द्यायला नाही त्याच्यावर ती बराच वेळ चिडली. काका ऐकत होते, जणू त्यांनाच बोललं जात होतं. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "त्येंनी तरी कुनाजवळ बोलायचं?"

त्या रात्री आम्ही किकवीला परतलो. रविवारी सकाळी पुन्हा वर गेलो तेव्हा काका कुदळ घेऊन आधीच येऊन बसले होते. हातभर खाली मुरमात पातं लागलं. गंजून मातीला चिकटलेलं, तळव्याएवढं. बाकी काहीच नव्हतं. आमची माती काही ठेवत नाही. आईने कुणाला हात लावू दिला नाही. पात्याभोवतीची माती तिने स्वतःच्या हातांनी घमेल्यात भरली. काका घमेलं डोक्यावर घ्यायला पुढे झाले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भावजी," आणि ते कडेवर घेतलं. उतारावर मी तिचा दंड धरला. वाटेत ती कुठंही थांबली नाही.

खाचराच्या कोपऱ्यात, नांगर पोचत नाही तिथं, मी खड्डा घेऊन ठेवला होता. तिने माती त्यात सोडली, पातं ठेवलं. मग पदराची गाठ सोडली आणि वाळे काढून माझ्या हातात दिले.

"तू घाल. तिचे तू घातल्यालेस."

मी खाली बसलो. वाळे हातात इतके लहान वाटत होते की ते कधी माझ्या पायात बसले असतील यावर विश्वास बसेना. तिला द्यायचे तर काहीतरी म्हणून द्यायला हवे होते, आणि जन्मभर मला तिच्यासाठी एकच शब्द ठाऊक होता, आधीची. असती तर आज माझ्यापेक्षा मोठी असती. तिचे केस पिकले असते. भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो असतो आणि यंत्रावरून तिने माझी चेष्टा केली असती. दोन पायांत असावं तेवढं अंतर सोडून मी वाळे मातीवर ठेवले.

"घे, ताई," मी म्हणालो.

आणि माझ्या मागून आईने, दारातून हाक मारावी तशी मोठ्यांदा, तिला नावाने हाक मारली.