इंजिन नसलेली मोटार

शेणवे गावात जुन्या काळातल्या दरोड्यावरच्या विनोदी सिनेमाचं शूटिंग होतं. बजेट एवढं कमी, की दरोडेखोराच्या मोटारीला इंजिनच नव्हतं. आम्ही चौघे वाकून ती मागून ढकलायचो. उतारावर मोटार हातातून सुटली आणि दरोडेखोरासकट थेट गावातल्या एका काकांच्या भातखाचरात चिखलात रुतली. काकांना शूटिंगचं काहीच ठाऊक नव्हतं.

"कोन रे तू? काय करतोस?" त्यांनी दरडावून विचारलं.

"मी दरोडेखोराचं काम करतो," नट प्रामाणिकपणे म्हणाला.

काकांनी त्याला बैलाच्या दाव्यानं आंब्याला बांधलं. आम्ही धापा टाकत पोचलो, तोवर दिग्दर्शकानं सगळं टिपलं होतं. सिनेमात तेच ठेवलं. दरोडेखोराला पकडणाऱ्या इन्स्पेक्टरचं काम मिळालेला दुसरा नट मात्र काकांशी शेवटपर्यंत बोलला नाही.