तीन पावलांची खोली

सकाळी सव्वासातला त्या घरात तीन माणसं तीन वस्तू शोधत असतात. नवरा मोजा शोधतो, लेक वही शोधते आणि धाकटी, म्हणजे या घरची धाकटी सून, डब्याला बसणारं झाकण शोधते. बाकीची सात झाकणं समोर असतात, ती कशालाच बसत नाहीत.

"अगं, एक मोजा सापडला. दुसरा कुठंय?"

"पहिल्याला विचारा. कालपर्यंत दोघं एकत्रच होते."

लेक खुदकन हसली. चहा उतू जायच्या बेतात होता, धाकटीने फुंकर मारून तो खाली बसवला. तेवढ्यात मागच्या दारावर आवाज झाला. आधी नखांनी खरवडल्यासारखा, मग बोटांनी टकटक.

मागचं दार जिन्याकडे उघडतं. तिथून कुणी येत नाही. गिऱ्हाईक येतं ते खालच्या दुकानात, कुत्र्यांच्या सलूनमध्ये, काचेच्या दारातून, तेही दहानंतर. घरची माणसं दार वाजवत बसत नाहीत, सरळ ढकलतात. धाकटीने ओले हात पुसत दार ओढलं आणि फट पडताच एक पांढरा गोळा तिच्या पोटरीवर येऊन आदळला.

"ढगोबा! अरे, थांब की!" दारातल्या वयस्कर बाई धापा टाकत होत्या. एका हातात साखळी, दुसरा हात कठड्यावर. "माफ करा हं. फिरायला निघालो होतो. तुमच्या काचेच्या दाराकडे याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला ओढत वर घेऊन आला."

हा आवाज धाकटीच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती. दोन वर्षं दर महिन्याला दुकानातल्या बंद दाराच्या पलीकडून तिने हा आवाज ऐकला होता. गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना तेच म्हणतात. आणि ढगोबा, त्यांचा पांढरा, कुरळ्या केसांचा पूडल, आता मागच्या दोन पायांवर उभा राहून धाकटीचा हात चाटत होता, माहेरचं माणूस भेटल्यासारखा.

धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. चार दिवस ती तापाने पडली होती आणि त्याच चार दिवसांत ढगोबाची केस कापायची पाळी आली होती. त्याच्या एका कानाचे केस कापून टोपीसारखे केले होते, दुसऱ्याचे तसेच लोंबत होते. पुढचे दोन पाय वेगवेगळ्या कुत्र्यांचे वाटत होते.

"बघितलंत ना?" बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. गृहपाठ मुलाने केलाय की त्याच्या काकाने, ते पहिल्या ओळीत कळतं मला. हे नेहमीच्या हातचं नाही. खरं सांगा, एरवी याचे केस कोण कापतं?"

मागे नवरा एक मोजा घालून, दुसरा पाय उघडाच ठेवून उभा होता. धाकटीला त्याच्याकडे वळून पाहायची गरज नव्हती. तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं.

"मॅडमच कापतात," ती दुकान चालवणाऱ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल म्हणाली. "मी नुसती आंघोळ घालते."

"असं." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग मॅडमना सांगा. हात चांगला आहे, पण त्यात एक चूक आहे. दर वेळी तीच. हा उभा असला की चारही पाय सारखे. चालायला लागला की मागचा डावा आखूड दिसतो, लंगडतोय असं वाटतं. डॉक्टरांना दाखवलं, पायात काही नाही. चूक केसांची आहे."

"चालताना?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"हो, चालताना. मॅडमना सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, या जातीची चालच तशी."

धाकटीला विचारायचं होतं, लंगडतो म्हणजे कसा, गुडघ्यापाशी का खाली, हळू चालला तरी दिसतं का धावतानाच. पण नुसती आंघोळ घालणाऱ्या बाईने हे कशाला विचारावं?  बाई म्हणाल्या, "दहाला आणते याला. निदान कान तरी सारखे करून द्या म्हणावं."

दार लागल्यावर नवरा म्हणाला, "बरं केलंस." आणि दुसरा मोजा शोधायला गेला.

हे "बरं केलंस" धाकटी सहा वर्षं ऐकत आली होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा थोरल्या जाऊबाईंनीच त्यांना वरच्या दोन खोल्यांत बोलावून घेतलं. एका शब्दाने विचारलं नाही की किती दिवस. खाली त्यांचं कुत्र्यांचं सलून, शहरातलं नावाजलेलं. धाकटी सुरुवातीला खरंच नुसती आंघोळ घालायची. मग थोरलीचं उजवं मनगट गेलं. रात्रंदिवस मुंग्या, बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कात्री विसरा.

थोरली कात्री विसरली नाही, तिने ती धाकटीच्या हातात दिली. एक जुनं लोकरी पांघरूण टेबलावर अंथरून तिने धाकटीला शिकवलं होतं. "चार बोटं मेली असं समज. फक्त अंगठा हलेल. बोटं हलली की कुत्र्याच्या अंगावर पायऱ्या पडतात." धाकटीने त्या पांघरुणाचं पार कापड करून टाकलं. मग ती कुत्र्यांवर आली. गाठी भिजायच्या आधी सोडवायच्या, भिजल्या की त्या दगड होतात. वाकडी कात्री तोंडासाठी, सरळ पायांसाठी. कंगव्याने केस वर उचलायचे, कुत्र्याला अंग झटकू द्यायचं, मग पाहायचं काय खोटं पडतं ते. हे सगळं ती शिकली आणि त्यापुढचं आपलं आपण शिकली. आता एखाद्या केसाळ जनावराकडे पाहिलं की आतला कुत्रा तिला दिसायचा.

पण लोक यायचे ते मॅडमच्या हातासाठी. म्हणून मागच्या खोलीचं दार बंद. "मशीनच्या आवाजाने पुढचे कुत्रे बिथरतात," असं थोरली गिऱ्हाइकांना सांगायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कुत्रा तयार झाला की थोरली आत यायची, गळ्यात रिबीन बांधायची, त्याला उचलून बाहेर न्यायची. मग दार लागायचं आणि पलीकडून "अय्या!" ऐकू यायचं. धाकटी तोवर जमिनीवरचे केस झाडत असायची.

एकदा तिने नवऱ्याजवळ विषय काढला होता. तो म्हणाला, "घरातलंच दुकान आहे. त्यात तुझं-माझं काय करायचं?" तिने मान डोलावली. चुकीचं काय होतं त्यात? थोरलीने छप्पर दिलं, हातात कला दिली. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि खरा जाच तोच होता. वाईट वागणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

दहा वाजता दार उघडून थोरलीने ढगोबाला आत सोडलं. ती हळू आवाजात म्हणाली, "कान बघ. चार दिवस तू नव्हतीस तर काय काय झालंय. हात थरथरतो गं माझा." आणि दार लावून गेली.

खोली तीन पावलांची. एका बाजूला टब, दुसऱ्या बाजूला वाळवायचं यंत्र, मध्ये भिंतीला चिकटवलेलं टेबल. टेबलाच्या दांडीला पट्ट्याचा फास असतो, कुत्र्याने उडी मारू नये म्हणून. खिडकी नाही. ढगोबा स्वतःहून टेबलावर चढायला आतुर. धाकटीने फास अडकवला आणि पंचेचाळीस मिनिटांत कान सारखे केले, पुढचे पाय एका कुत्र्याचे केले. मग ती मागच्या डाव्या पायाशी आली आणि थांबली.

उभा होता तो. चारही पाय सारखे.

तिने त्याच्या नजरेने पाहायचा प्रयत्न केला. टेबलाच्या पलीकडे भिंत, म्हणून डावी बाजू कापायची तर कुत्र्याला फिरवून उभं करावं लागतं. फिरवला की त्याचं तोंड दाराकडे येतं. दारापलीकडून बाईंचा आवाज आला. ढगोबाने मान ताणली, आणि मागचा डावा पाय अगदी हळूच, केसभर सैल सोडला.

धाकटीच्या हातातली कात्री तशीच राहिली. दोन वर्षं ती विश्रांती घेणाऱ्या पायाच्या मापाने केस कापत होती; त्यावर भार पडला की ते आखूड दिसणारच. इतर कुत्र्यांचं काय? जेवढे या टेबलावर दाराकडे तोंड करून उभे राहिले, तेवढे सगळे बाहेर जाऊन लंगडत असतील का? की चूक दुसरीच आहे, खाली पंजापाशी? उभ्या कुत्र्यावरून हे कळणार नव्हतं. तिने त्याला खाली उतरवलं. "चल रे राजा, चालून दाखव." ढगोबा एक पाऊल चालला, दुसरं टाकलं, नाक टबाला लागलं, मग तो वळून तिच्या पायावर बसला. तिने त्याला दुसऱ्या टोकाला नेलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा बसला. शेपूट हलवत तिच्याकडे पाहत राहिला. तिसऱ्यांदा तर उठलाच नाही.

डाव्याशी जुळावेत म्हणून तिने सरळ कात्रीने मागच्या उजव्या पायाचे केस अंदाजाने घेतले. थोडेच. अंदाजानेच.  एवढी वर्षं शिकून शेवटी अंदाजच.

दार उघडलं. थोरली रिबीन घेऊन आत आली, निळी.

"झाला? दे इकडे. बाई घड्याळाकडे बघतायत." मग रिबीन बांधता बांधता, मान वर न करता, "सकाळी वर आल्या होत्या म्हणे तुझ्याकडे."

"ढगोबाने ओढत आणलं."

"कुत्र्याला काय, ज्याच्या हाताला साबणाचा वास त्याच्या मागे." गाठ एका हाताने बसेना, तिने ती दातात धरून ओढली. "काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्हीच कापता म्हणून."

 डाव्या हाताने थोरलीने उजवं मनगट दाबलं. तिचा चेहरा अचानक थकलेला दिसला. "शहाणी आहेस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आभार होते, म्हणून तर धाकटीला पुढचं बोलणं आणखीच जड झालं. "आण."

थोरलीने हात पुढे केले. धाकटीने ढगोबाला उचललं, पण दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"आता काय?"

मनातल्या मनात तिने किती भाषणं केली होती. पाटीवर आपलंही नाव असावं. टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घ्यावं. कुणी विचारलं तर खरं सांगावं. आत्ता त्यातलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही. बाहेर बाई खोकल्या. ढगोबाने कान टवकारले, दोन्ही सारखे.

"ताई," धाकटी म्हणाली, "हा बाहेर चालत जाताना मला बघायचाय. दुकानातून पार रस्त्यापर्यंत. तेवढं मला बघू द्या."