पूर्वेकडच्या पोरीचा मुऱ्हाळी

सन २०२४. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं.

आमच्या तापीकाठच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो. पण पोर आपण होऊन येत नाही. माहेरून कुणीतरी तिला घ्यायला जावं लागतं. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणायचं. मुऱ्हाळी आला नाही तर पोर सासरच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहते, पण पाऊल उचलत नाही. तिचाही मान असतो.

मी गावाचा मुऱ्हाळी होतो. जिला भाऊ नाही, जिचा बाप खाटेवर, त्या पोरीला आणायला मलाच धाडत. शाळा मी चौथीत सोडली, पण हे काम मला येत होतं. सासरी गेलं की पहिल्यांदा पोरीचं नाव काढायचं नाही. आधी पाऊस, मग कापूस, मग त्यांच्या बैलजोडीची तारीफ. मग गप्प बसायचं. त्यांनी पाणी आणलं तर म्हणायचं, "पानी तवयच पिसू, जवय पोर गाडीमा बसी." चैत्र-वैशाखात दारातला पाहुणा तहानलेला ठेवायला कुणाचं मन होतं? मी कधी रिकामी गाडी आणली नाही.

माझी स्वतःची पोर एकच. तिला घ्यायला जायची वेळ मात्र आली नाही, कारण ती सासरी गेलीच नाही. ती गेली सरकारी नोकरीत, परराष्ट्र खात्याच्या. आधी नंदुरबारला शिकली, मग पुण्याला, मग दिल्लीला. मग चिनी भाषा शिकली आणि पूर्वेकडच्या मुलखांत फिरत राहिली. एका देशात तीन वर्षं, दुसऱ्यात तीन. गावातले लोक विचारत, "बापू, तुमनी पोर चिनी लोकेससंगे काय बोलस?" मी सांगायचो, "बांधना झगडा व्हस ना दोन भाऊसमा, तसा देशेसना व्हस. ती मधी बसस."

भिंतीवर तिच्या शाळेतला आशियाचा नकाशा अजून आहे. दुपारी खाटेवर पडलो की तो हलतो, पंख्याच्या वाऱ्यानं. त्यातले देश मला तापीपलीकडच्या गावांसारखे वाटतात, उन्हात थरथरणारे. फोनवर ती म्हणायची, "आबा, आमच्याकडे केव्हाच उजाडलं." तेव्हापासून सकाळी कपाशीवर सूर्य आला की वाटायचं, हा आधी तिच्या खिडकीवरून आलाय. त्याला विचारावं, पोर उठली होती का? चहा घेतला का तिनं? पण सूर्य काही बोलत नाही. सरकारी माणसासारखा वरून निघून जातो.

ती घरी यायची. दिवाळीला आली, तिची आई गेली तेव्हा आली. आखाजीला कधी आली नाही. एकदा तिनं फोनवर विचारलं होतं, "आबा, गावन्या समद्या पोरी तुम्ही लई उनात. माले लेवाले कोन येई?"

मी हसलो होतो. "नोकरीवरल्या पोरीले कोन लेवाले जास? बदलीवरला सायेब काय मुऱ्हाळीनी वाट देखस का?"

तिनं फोन ठेवला. रीत ती रीत. मी चुकलो असं आजही म्हणत नाही.

तर त्या वर्षी ती दिल्लीच्या कचेरीत होती. पावसाळ्यात तिला दूरच्या एका बेटांच्या देशात जायचं होतं, चांगली तीन वर्षं. माझ्या वयाला तीन वर्षं म्हणजे काय ते मी कुणाला सांगत बसलो नाही. आखाजी जवळ आली, गल्लीत झोके लागले. दुपारी डोळा लागला आणि मला माझी जुनी बैलगाडी दिसली. गाडी तापीच्या पाण्यावरून चालली होती, चाकं भिजत नव्हती. गाडीत मी आजवर आणलेल्या साऱ्या पोरी बसलेल्या, जशा तेव्हा होत्या तशाच, कुणी म्हातारी झालेली नाही. गाणं म्हणत होत्या. मधे एक जागा रिकामी होती, आणि बैल तिथंच, भर पाण्यात, थांबले. मी हाकललं, पण ते मान वळवून माझ्याकडेच बघत राहिले.

उठलो. पांढरी टोपी घातली, पिशवीत कैऱ्या भरल्या आणि नंदुरबार स्टेशनावर गेलो. भुसावळला गाडी बदलली. दिल्लीपर्यंत खिडकीबाहेर रात्र आणि शेतं वाहत राहिली, आणि मला सारखं वाटत होतं की रेल्वे नाही, तीच गाडी पाण्यावरून चालली आहे.

पोरीनं दार उघडलं आणि बघतच राहिली. "आबा? काय झालं?"

"काही नही. मुऱ्हाळी उना."

ती खाली बसली, उंबऱ्यातच. तोंड पदरात लपवून हसली की काय केलं, मला दिसलं नाही. मग पाणी आणलं. मी हात पुढे केला नाही.

"आबा, हे सासर नाही."

"मन्हासाठी सासरच. तुन्हा सासरा कोठे शे ते सांग."

सासरा म्हणजे तिचा वरचा साहेब, पांढऱ्या मिशीचा. त्याच आवारात राहायचा. संध्याकाळी फिरायला निघाला तसा तिनं त्याला तिच्या दारासमोरच्या निंबाखाली माझ्याकडे आणलं. मी माझ्या रीतीनं चाललो. आधी दिल्लीचं ऊन, मग आंबे, मग त्याच्या गावची शेती. नंतर गप्प बसलो. तोही गप्प बसला. माझ्याइतकं गप्प बसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शेवटी मलाच बोलावं लागलं की पोरीला आखाजीला न्यायचं आहे.

"बाबूजी," तो म्हणाला, "उसी दिन मेहमान आ रहे हैं, पूरब से. बड़ी मुश्किल से बात पर राज़ी हुए हैं. उनका मिज़ाज आपकी बेटी ही जानती है. आप ही बताइए, बीच से कैसे उठा दूँ?" आणि पोरीनं आणलेला चहाचा कप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

साफ नाही, आणि तेही इतकं गोड! माणूस कामाचा होता. बांधावर दोघे भाऊ समोरासमोर आणून मधला माणूस उठवायचा नसतो, हे मलाही कळतं. मी चहा घेतला.

"चहा चालस का?" पोरीनं डिवचलं.

"चहा म्हंजे पानी नही."

साहेब गेल्यावर ती माझ्या शेजारी बसली. निंबाचा मोहोर तिच्या केसांवर पडत होता. केस पांढरे व्हायला लागलेत हे मला तेव्हा दिसलं. "आबा, आते रिकामी गाडी लई परतनात ते गावमा काय सांगशात?"

"परतसू तवय ना."

रात्री मी पाणी न पिताच झोपलो. तिनं उशाशी तांब्या ठेवला होता, झाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो, जाड सुती दोर आणला आणि त्याच्या टोकाला दगड बांधून निंबाच्या फांदीवरून फेकला. पहिल्या फेकीत नाही गेला, पुढच्या फेकीत गेला. पहारेकरी धावत आला. "बाबूजी, ये सरकारी पेड़ है!"

"तो लड़की भी सरकारी है," मी म्हणालो आणि गाठ मारली.

ती ऑफिसची साडी नेसून बाहेर आली. दारात मोटार उभी होती. तिनं मोटारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पर्स पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि झोक्यावर बसली. मी मागून एक झोका दिला, चांगला उंच. पोर बसली होती. मग आत गेलो आणि तांब्याभर पाणी प्यालो.