कुमुदताईंची बंद पाकिटं

कुमुदताई परांडेकर कॉम्प्युटरच्या माउसला हात लावत नसत. "दहा जणांची बोटं लागतात त्याला, शी!" म्हणत तो उचलून खिडकीत ठेवायच्या आणि काळ्या पडद्यावर सगळे हुकूम स्वतः टाइप करायच्या. त्यांना किळस फार लवकर यायची. कँटीनच्या कपांची, पान थुंकलेल्या जिन्याची. पण सर्वांत जास्त, उघड्या पडलेल्या कागदांची. "उघडा कागद नि उघडं जेवण, दोन्हींवर माश्या बसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हैदराबादेत रक्त तपासणाऱ्या एका सरकारी कार्यालयात आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो. अहवाल जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना पाठवायचे असत, आणि तिकडची इंटरनेटची लाइन निम्मा दिवस बंद. ताईंनी त्यावर एक व्यवस्था बसवली होती. प्रत्येक अहवाल त्या त्या डॉक्टरच्या नावानं, पाकिटात घातल्यासारखा, कुलूपबंद व्हायचा, मशीनमध्ये पडून राहायचा आणि लाइन आली की आपोआप पुढच्या केंद्रावर सरकायचा. लाइन आलीच नाही, तर तेच पाकीट पेन ड्राइव्हवर घालून बसनं जायचं.

"एखादं उघडून दाखवा ना," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो.

"मलाच उघडत नाही, बावा! कुलूप सगळ्यांकडे, किल्ली एकट्या डॉक्टरकडे. मधले सगळे हमाल. मीसुद्धा."

मग राज्याची वाटणी निघाली आणि आमचं ऑफिसही दोन तुकड्यांत वाटायला काढलं. शिकलेसवरलेले लोक कपाटांसाठी भांडले, पंख्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागले. त्या धांदलीत आलेल्या नव्या साहेबांनी ताईंचा पडदा पाहिला आणि हसले. "मॅडम, ये काला स्क्रीन आजकल कौन देखता? व्हॉट्सॲप ग्रुप बनाओ, सब रिपोर्ट उसमें डालो." हुकूम मला झाला.

"दिगंबर, हे चौरस्त्यावर टांगणं झालं. नक्को करू," ताई म्हणाल्या.

"साहेबांचा हुकूम आहे, ताई," मी म्हणालो आणि ग्रुप केला. कारकून, ड्रायव्हर, ठेकेदार, सगळे त्यात.

तिसऱ्या आठवड्यात एका गावातल्या शिक्षिकेचा अहवाल त्यावर पडला. पहिल्या चाचणीत एचआयव्ही दिसला होता, पक्की चाचणी व्हायची होती. कोणीतरी तो पुढे पाठवला. डॉक्टरांनी तिला बोलावण्याआधी तो तिच्या सासरी पोचला आणि तिचं सामान रस्त्यावर आलं. दहा दिवसांनी पक्की चाचणी आली. तिला काहीच नव्हतं. तो अहवाल मात्र कोणी पुढे पाठवला नाही.

ताई मला घेऊन बसनं तिच्या माहेरी गेल्या. वडील दारात उभे होते. ताई तेलुगूत म्हणाल्या, "चूक आमच्या ऑफिसची आहे. माफी मागायला आलोय." आतून, पडद्यामागून, ती बाई म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी वाचलं, त्या सगळ्यांना घेऊन या." वडिलांनी दार लावलं. बसथांब्यावर येताच ताईंना भडभडून उलटी झाली. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

चौकशी बसली. ताईंनी साहेबांच्या हुकुमासकट सगळं लिहून दिलं. मी लिहिलं, 'तांत्रिक बिघाड.' माझी नोकरी पक्की व्हायची होती. मीही काही कमी घाणेरडा निघालो नाही. निकाल माझ्या शब्दांत लागला. आणि वाटणीच्या यादीत, जन्म हैदराबादच्याच गौलीगुड्यात काढलेल्या ताईंचं नाव दुसऱ्या राज्यात निघालं. त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी त्यांची पिशवी मी फाटकापर्यंत नेत होतो. ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही आहात अजून त्या ग्रुपवर?" पाच वर्षं मला 'अरे-तुरे' करणाऱ्या ताई म्हणाल्या.

"हो."

"आधी तिथून निघा. मग बोलू."

मी निघालो. पण पक्क्या नोकरीचा कागद हातात पडल्यावर, चार महिन्यांनी. त्याच संध्याकाळी ताईंना फोन लावला. त्यांच्या बहिणीनं उचलला, मला थांबायला सांगितलं. ती आत जाऊन माझं नाव सांगतेय, हे मला ऐकू आलं. मग ती परत आली आणि म्हणाली, "त्या घरी नाहीत."