चौथा शब्द

डिझेलचा वास आला की मला समुद्राकाठच्या एका मच्छीमार सोसायटीचं ऑफिस आठवतं. मनवेलपाड्याहून मी तिथे कॉम्प्युटर चालवायला जायचे. त्या दुपारी वादळ सुटलं होतं, छपराचे पत्रे धडधडत होते आणि ओल्या लुगड्यातली एक कोळीण माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिचा नवरा आणि थोरला मुलगा ‘आई एकवीरा’ या बोटीवर होते. “पोरी, पानी लय चढलंय. आमची बोट कुठं लागली का, बघ ना.” बंदरांवरून आलेल्या निरोपांची फाइल मी पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्रामला दिली. त्या बोटीसमोर आलं, बेपत्ता. मागे वळून बघायची हिंमत होईना. “काय लिवलंय?” तिने विचारलं. “थांबा मावशी,” म्हणत मी मूळ फाइल उघडली. ओळ होती, ‘आई एकवीरा डहाणू पोचली’. आधीच्या ऑपरेटरने लिहिलेला तो प्रोग्राम प्रत्येक ओळ मोकळ्या जागांवर तोडून तीन व्हेरिएबलमध्ये, म्हणजे तीन कप्प्यांत, भरायचा: बोट, बंदर, स्थिती. इथे नावातच दोन शब्द. त्यामुळे ‘आई’ ही बोट झाली, ‘एकवीरा’ हे बंदर, स्थितीच्या जागी ‘डहाणू’ बसलं आणि ‘पोचली’ हा चौथा शब्द गळून गेला. ‘आई एकवीरा’ नावाची बोट प्रोग्रामला निरोपांत सापडलीच नाही, म्हणून त्याने तिला बेपत्ता ठरवलं. “डहाणूला आहेत, सुखरूप,” मी म्हणाले. ती हसली नाही. “परत वाच,” म्हणाली. मी एकेक शब्द सावकाश वाचला, तेव्हा कुठे ती खाली बसली. आता माझी मुलगी प्रवासाला गेली की तिचा ‘पोचले’ एवढाच मेसेज येतो, आणि तो मीही परत वाचते.